माडीवरचा उजेड

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उरकावं असं त्यात काही नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जुन्या नाशकातल्या, झपाटलेला म्हणून बोलल्या जाणाऱ्या ज्या रिकाम्या वाड्यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्याच गल्लीत या दादांचं बालपण गेलं. ते म्हणतात, "दुपारी दोन तास फिरून 'इथे काही नाही' असं लिहिणं सोपं आहे. माडीवरचा उजेड आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. मी पाचवीत असताना परसातल्या आडात गाळ काढायला उतरलेला धडधाकट माणूस वर आलाच नाही. भीती होती म्हणूनच वाडा शाबूत राहिला. आता तुमचे फोटो बघून पोरं रात्रीची तिथे जायला लागली आहेत."

शेवटचं आधी घेते, कारण ती माझी चूक आहे. दिंडी दरवाज्याच्या फोटोत शेजारच्या दुकानाची पाटी आली होती आणि मी ती झाकली नाही. फोटो काल काढून टाकलाय. एका पोराचा पाय माडीच्या तख्तपोशीतून, म्हणजे लाकडी फळ्यांच्या जमिनीतून, आरपार गेला, हे गल्लीतूनच कळलं. खरचटण्यावर निभावलं. तिथली तुळई वरून अख्खी दिसते, पण वाळवीने आतून भुसा केलाय. बोटाने दाबलं तर पापुद्रा आत जातो. मी स्वतः भिंतीला धरून, एकेक फळी पायाने चाचपत गेले, तेही दिवसा आणि किल्ली घेऊन. मिळकत पत्रिकेवर सतरा वारसांची नावं आहेत. त्यांतल्या एकांनी फोनवर परवानगी दिली आणि किल्ली समोरच्या दुकानातून घ्यायला सांगितली. हे सगळं मूळ लेखात यायला हवं होतं.

आता आडातला माणूस. तुम्ही पाहिलंत ते खरंच घडलं, त्यावर मी कशाला शंका घेऊ? पण तो माणूस कशाने गेला, हे त्याच्यासाठी तरी बोलायला हवं. आड वर्षानुवर्षं झाकलेला. आत पालापाचोळा कुजतो, त्यात हवेतला प्राणवायू संपत जातो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही, उतरणाऱ्याला चाहूल लागत नाही, आणि बघता बघता शुद्ध हरपते. वाचवायला म्हणून दुसरा उतरतो, तोही जातो. म्हणून विहीर उपसणारी जुनी माणसं आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायची. ज्योत विझली की कुणी उतरायचं नाही. (ज्योत जळत राहिली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. काही विषारी वायूंत ती जळतच राहते.) त्या दिवशी कुणी कंदील सोडला असता तर तो माणूस कदाचित संध्याकाळी घरी गेला असता. 'आडाने माणूस घेतला' म्हटलं की हा प्रश्न कुणी विचारतच नाही, मला त्याचा त्रास होतो. आणि तो आड अजून तसाच आहे. वर एक गंजका पत्रा, बस.

रात्रीच्या आवाजांबद्दल थोडंच लिहिते. आपल्याकडे थंडीत दुपार आणि पहाट यांच्या तापमानात केवढा फरक पडतो, तुम्हाला ठाऊक आहे. दिवसभर तापलेलं सागवान रात्री आकसतं आणि सांधा कट्कन वाजतो. माळ्यावर गव्हाणी घुबडाचं बिऱ्हाड आहे. हे घुबड घुमत नाही, चिरकतं, आणि उडताना त्याच्या पंखांचा आवाज येत नाही. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा अंधारात डोक्यावरून निःशब्द गेला तर कुणाचंही काळीज लक्कन हलेल. माझं हललं.

पण माडीवरचा उजेड, दादा, त्याबद्दल मी मूळ लेखात मुद्दाम काही लिहिलं नव्हतं. ते कुणाचं तरी खासगी वाटलं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर वाटलं, लिहायलाच हवं.

माडीच्या रस्त्याकडच्या खोलीत एक देवळी आहे. तिच्या तळाशी तेलाचं काळं कडं आहे, बशीएवढं, आणि वर भिंतीवर काजळीची उभी रेघ. शेजारी खिळ्याला १९८६ सालचं कॅलेंडर. त्यावर शिसपेन्सिलीने दुधाचा हिशेब. पाव, पाव, पाव, मग एक खाडा, पुन्हा पाव. ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक, नेटकं अक्षर. पुढचे चौकोन कोरे.

खाली उतरून समोरच्या घरातल्या आजींना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. तिथे एक बाई एकट्या राहत होत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. भाऊबंदकीच्या भांडणात वाड्याची वीज तोडली गेली, बाकीची बिऱ्हाडं हलली. यांना जायला ठिकाण नव्हतं, त्या राहिल्या. संध्याकाळी देवळीत दिवा लावायच्या. रात्री झोप लागत नसे, म्हणून कंदील घेऊन सज्जात येरझाऱ्या घालायच्या. गल्लीतली पोरं 'हडळ, हडळ' म्हणत खिडकीवर दगड मारून पळायची. आडातली घटना झाली तेव्हा बोल त्यांच्यावरच आला. दूधवाल्याने वर जाणं सोडलं. जिन्याच्या खालच्या पायरीवर भांडं ठेवायचं, तो ओतून निघून जायचा. हे सांगताना आजींनी पदर डोळ्याला लावला. "आम्हीपण गेलो नाही गं वर," एवढंच म्हणाल्या.

तुम्ही उजेड पाहिलात. तो होताच. दिव्यामागे जिवंत माणूस होतं.

तुमच्या आजीने 'बंद घरात जाऊ नको' म्हणून बजावलं होतं, असंही तुम्ही लिहिलंय. त्या सांगण्याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. प्लेगचे दिवस आपल्या भागाने सोसलेत. १८९९ साली नाशिकजवळच्या भगूरला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगनेच गेले. घरात उंदीर मरून पडायला लागले की माणसं घर सोडून रानात झोपड्या बांधून राहायची, कारण मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. त्या काळात बंद घराची भीती जीव वाचवत होती. पुढे कारण विसरलं गेलं, भीती तेवढी राहिली, आणि एका बाईच्या वाट्याला आली.

राहिलं भीतीने वाडा राखल्याचं. मलाही आधी असंच वाटायचं. पण चौकातल्या आठ खांबांपैकी चारांचे कोरीव हस्त, म्हणजे खांबाच्या माथ्याशी तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे, करवतीने कापून नेलेत. काप ताजा आहे, आतलं लाकूड अजून पिवळसर दिसतं. दारावरची गणेशपट्टी गेली, देवघराच्या दाराच्या कड्या गेल्या. चोर भ्याले नाहीत, दादा. भ्याली ती गल्ली, रात्री करवतीचा आवाज ऐकूनही खिडकी न उघडणारी. आजींनीच सांगितलं, दोन रात्री आवाज येत होता, सगळ्यांना वाटलं, वाड्यातलंच काहीतरी.

सराफ बाजारातल्या सरकारवाड्याला राज्य संरक्षित स्मारकाचं कवच आहे. बहुतेक खासगी वाड्यांना ते नाही. ऑगस्ट २०१६ च्या पुरात गोदावरीचं पाणी भांडी बाजार, सराफ बाजारात शिरलं, तेव्हा मातीत बांधलेल्या किती भिंतींनी ते पाणी प्यायलं असेल. पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, सतरा वारसांची सही जुळत नाही, आणि एका रात्री भिंत बसते. हा वाडा वाचेल अशी मला फार आशा नाही. म्हणून निदान मापं, फोटो, कोण कुठल्या खोलीत राहत होतं, एवढं तरी नोंदवून ठेवतेय. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी पुन्हा जाणार आहे. आत फक्त खालच्या चौकापर्यंत. आडावर जाळी बसवायची परवानगी वारसांकडे मागितली आहे, खर्च आम्ही चौघं मिळून करू.

एक विचारायचं आहे. आजींना त्या बाईंचं नाव आठवत नाही. गल्लीत सगळे 'माडीवरच्या' एवढंच म्हणायचे. तुमच्या घरात कुणाला आठवत असेल, आईंना किंवा मोठ्या बहिणीला, तर विचारून मला कळवाल का? इथे जाहीर लिहू नका, मला वेगळं कळवा. नोंदवहीत त्या खोलीपुढची जागा मी रिकामी ठेवली आहे.