बाहुली कुणाच्या हातात?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. माझा नऊ वर्षांचा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, नवी मुंबईत ऐरोलीत राहतो. त्याच्या शाळेच्या गॅदरिंगला बाहुल्यांचा खेळ होता. स्पीकर इतका मोठा, की हा कानांवर हात ठेवून थेट खुर्चीखाली. लगेच काकांचा निकाल: "बाहुल्या-बिहुल्या पुरे, स्पीच थेरपी वाढवा." ताई म्हणते, खेळ वाईट नव्हता, आवाज होता.

मी इथे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये हे वाचते. मला वाटतं, दोघंही मुलाला प्रेक्षकांतच बसवतायत.

शेजारच्या मुलीला 'श' जमत नव्हता. तिच्या थेरपिस्टकडे हातात घालायचं एक अस्वल आहे. ते मुद्दाम चुकीचं बोलतं आणि ही त्याला रागावून शिकवते. चूक अस्वलाची, त्यामुळे हिला लाज नाही. बोटं वळत नसलेल्या मुलाला बाहुली वेल्क्रोने मनगटाला बांधून देता येते. कर्णबधिर मुलांसाठी बाहुलीच्या बाहीतून चालवणाऱ्याचे खरे हात बाहेर काढतात, म्हणजे ती खुणांनी बोलू शकते. काही मुलं बाहुलीला घाबरतातही. मग ती आधी नुसती टेबलावर पडून राहते. अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट'मध्ये २०१७ साली ज्युलिया ही स्वमग्न बाहुली पडद्यावर आली, तेव्हा तिला चालवणारी स्टेसी गॉर्डन स्वतः एका स्वमग्न मुलाची आई होती. मला बाहुलीपेक्षा ही निवड जास्त महत्त्वाची वाटते.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं की विमा पैसे भरतो, पण नंबर लागायला महिनोन्‌महिने जातात. शिवाय कितीतरी अपंग मुलं अजून वेगळ्या शाळांतच जातात. भारतात आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा की विशेष शाळा, हे निवडायचा हक्क तरी दिलाय. कागदावर का होईना. आणि संध्याकाळी शेजारी बसायला आजी, ती इथे कुठून आणणार?

तिकडे नवी मुंबईतच, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. १८४३ साली 'सीता स्वयंवर' रंगवणारे भावे बाहुल्याही घडवत. त्या बाहुल्या शब्दभ्रमकार रामदास पाध्यांनी पुन्हा उभ्या केल्या. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत कळसूत्री बाहुल्यांचे कलाकार आजही आहेत. म्हणजे माणसं आहेत. त्यांना गॅदरिंगच्या सुपारीऐवजी विशेष शिक्षिकेच्या जोडीने आठवड्याला एक तास द्यावा, आणि त्याचं रीतसर मानधन. फक्त "दोन महिन्यांत बोलायला लागेल" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काल ताईचा व्हिडिओ आला. आजीने जुन्या मोज्याला डोळे म्हणून दोन बटणं शिवली होती. भाच्याने तो मोजा स्वतः घातला नाही. आजीच्या हातात चढवला आणि तिच्या पुढ्यात मांडी घालून बसला.

खाली काकांचा प्रश्न: "बटणं गिळणार नाही ना?"