स्लायडर न् इमोजी टाकले म्हणून सर्वे खरा होत नाही

"सर्वे गेमसारखा करा, स्लायडर, इमोजी, प्रोग्रेस बार टाका, लोक फॉर्म अर्धवट सोडत नाहीत, उत्तरंबी खरी देतात न् जितके जास्त फॉर्म तितका निकाल पक्का" हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर फिरतोय, आणि आता मंडळांची पोरं पाण्यावर, रस्त्यावर तसलेच फॉर्म काढायलीत म्हणून लिहितोय.

पहिलं स्लायडर. "नळाच्या पाण्याबद्दल किती समाधानी?" खाली पट्टी, गोळा आधीच 5 वर उभा. निपाणीत विड्या वळणारी एखादी मावशी, फोनची काच तडकलेली, गोळा बोटाला सरकतच नाही, ती तशीच पुढं जाते न् तिकडं शीटमध्ये 5 पडतं. आता हे तिचं मत, का तिनं हातच लावला नाही, कसं कळणार? 2011 साली फुंके, राइप्स आणि थॉमस या संशोधकांनी स्लायडर आणि साधी गोल बटणं ताडून बघितली, स्लायडरवर जास्त लोक गळाले, त्यातबी कमी शिकलेले जास्त. म्हणजे पाण्याचा त्रास ज्यांना जास्त, बहुतेक तेच बाहेर.

प्रोग्रेस बार, म्हणजे फॉर्म किती भरून झाला ते दाखवणारी पट्टी? 2013 मध्ये विलार, कॅलेगारो आणि यांग यांनी बऱ्याच प्रयोगांचे निकाल एकत्र केले, सरळ चालणाऱ्या बारनं गळती कमी झाली नाही. आधी भराभर पळून मागनं मंदावणारा बार लावला तर होते, खरं ती माणसाची फसवणूक आहे की ओ.

उत्तरं खरी होतात हे थोडं बरोबर आहे, खरं इमोजीनं नाही. "आठवड्यात पाणी किती वेळा आलं?" इथं कुणी 3 च्या जागी 30 टाकलं तर फॉर्मनं तिथंच "30 वेळा?" म्हणून विचारावं. न वाचता भराभर टिक मारणाऱ्याला "जरा सावकाश वाचा" असा मेसेज दाखवला तर वेग कमी होतो, हे कॉनराड आणि टुरँजो यांच्या प्रयोगांत दिसलंय. असलं इंटरॅक्टिव्ह जरूर टाका.

आणि जास्त फॉर्म म्हणजे पक्का निकाल? 1936 मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाकडं 20 लाखांवर उत्तरं आली, त्यांनी लँडन जिंकणार म्हणून छापलं, जिंकले रूझवेल्ट.

पोरांनो, फॉर्मच्या वर मराठी-कन्नड बदलायचं बटण ठेवा, गोळा आधीच कुठं उभा करू नका, आणि ज्या घरात स्मार्टफोन नाही तिथं कागद घेऊन जावा.