विमानाचं वय नको, त्याची वही विचारा

१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं आणि दुसऱ्याच दिवशी नाशिकहून मामांचा फोन आला. तेव्हा टीव्हीवर आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो प्रश्न फिरत होता, तोच त्यांनी विचारला. "किती जुनं होतं गं विमान?" अकरा वर्षांचं, मी म्हटलं. "म्हणजे जुनंच की! पंधरा वर्षं झाली की आपल्याकडे साध्या गाडीचंसुद्धा पुन्हा पासिंग करावं लागतं."

मामांची काळजी खरी आहे. मी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसहून मुंबईला निघाले की मी उतरेपर्यंत ते जागे असतात. पण आपली सगळी चर्चा वयापाशीच अडते, हे मला फार खटकतं.

मी इथे आले तेव्हा जवळपासच्या शहरांना जायला बहुतेक वेळा डीसी-९ हे जुन्या जातीचं छोटं जेट विमान मिळायचं. डावीकडे दोन सीट, उजवीकडे तीन. विमानातली सिगारेट कधीच बंद झालेली, तरी सीटच्या हातात राखदाणीचं छोटंसं झाकण तसंच. मागच्या रांगेत बसलं की खिडकीतून आभाळाऐवजी इंजिनाचा पत्रा दिसायचा आणि विमानाने धाव घेतली की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. ही जात पहिल्यांदा उडाली १९६५ मध्ये. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीच्या डीसी-९ ची शेवटची प्रवासी फेरी इथूनच अटलांटाला गेली, ६ जानेवारी २०१४ ला. तेव्हा ती विमानं पस्तिशी ओलांडलेली होती. अहमदाबादला पडलेलं बोइंग ७८७ ड्रीमलायनर एअर इंडियाकडे आलं ते त्याच महिन्यात.

विमान थकतं ते वर्षांपेक्षा फेऱ्यांनी, म्हणजे किती वेळा उडून उतरलं त्याने. वर गेल्यावर बाहेरची हवा विरळ होते, आत मात्र दाब राखावा लागतो, म्हणून विमानाची बॉडी फुग्यासारखी जराशी ताणली जाते. खाली आलं की पुन्हा सैलावते. प्रत्येक उड्डाणाला हे एकदा घडतं, मग ते वीस मिनिटांचं असो की पंधरा तासांचं. तार वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसंच हे.

अमेरिकेच्या हवाई नावाच्या बेटांवर २८ एप्रिल १९८८ ला हेच झालं. अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. २४ हजार फुटांवर त्याच्या छताचा जवळजवळ साडेपाच मीटरचा भाग उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. बाकीचे ९४ जण वाचले, कारण वैमानिकांनी ते उघडं विमान मावी बेटावर उतरवलं. विमानाचं वय एकोणीस वर्षं, पण फेऱ्या ८९,६८०, कारण बेटाबेटांमधल्या छोट्या उड्या आणि भोवती खारी हवा. पत्र्यांच्या जोडातली चिकटण सुटलेली, रिव्हेटांच्या भोकांपाशी चिरा. चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ चीर दिसलीही होती, पण त्या कोणाला बोलल्या नाहीत. तपासात ठपका आला तो त्या चिरा न सापडलेल्या देखभालीवर. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासण्या कडक झाल्या. माझी डीसी-९ त्या शिस्तीत उडत होती.

आता आपल्याकडचं पाहा. १७ जुलै २००० ला पाटण्यात अलायन्स एअरचं ७३७ वस्तीवर कोसळलं, ६० माणसं गेली. विमान वीस वर्षांचं, त्यामुळे ओरड झाली ती जुन्या विमानांच्या नावाने. चौकशीत कारण निघालं ते उतरतानाच्या चुकीच्या हाताळणीचं. आणि २०१८-१९ मध्ये इंडोनेशिया आणि इथिओपियात पडलेली दोन ७३७ मॅक्स? ती काही महिन्यांचीच होती. ३४६ जीव गेले.

म्हणून मामांना मी व्हिडिओ कॉलवर एक गोष्ट दाखवली. इथे एका सरकारी वेबसाइटवर विमानावरचा नोंदणी क्रमांक टाकला की त्यात सापडलेल्या बिघाडांच्या नोंदी घरबसल्या वाचता येतात. त्या वहीत एक ओळ होती: मागच्या शौचालयाखालच्या बीमला गंज, बीम बदलला. मामा आधी घाबरले. "एवढं सगळं बिघडतं?" मी म्हटलं, मामा, विमानातली जमीन उचकटून कोणीतरी खाली वाकून पाहिलं, म्हणून तो गंज मिळाला.

अशा नोंदींचा साठा आपल्या डीजीसीएनेही, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानेही, सगळ्यांसाठी खुला करावा, प्रत्येक विमानाच्या फेऱ्यांच्या आकड्यासकट. अपघातानंतरच्या चॅनेलवरच्या चर्चेत हे कोणी मागताना मला दिसत नाही आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. इथल्या लोकांनाही ही पारदर्शकता अपघात सोसल्यावर मिळाली, पण मिळाल्यावर त्यांनी ती सोडली नाही.

डिसेंबरचं तिकीट काढल्यावर मामांचा मेसेज आला: "विमानात बसलीस की बाहेरचा नंबर लिहून पाठव." मी पाठवणार आहे.