दाबून धरलेला रक्तदाब

मला बीपी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण शनिवारपासून आमच्या घरात माझ्या ताटात मीठ वाढणं बंद झालंय आणि लोणच्याची बरणी माळ्यावर गेलीये.

झालं एवढंच, की ऑफिसने पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची फुकट तपासणी काढली. बारा तास उपाशी या, पाणी चालेल, चहा नाही. 'एकादशी दुप्पट खाशी'वाल्या घरात वाढलेल्या माणसाला साबुदाण्याशिवायचा उपास ही कल्पनाच पचायला जड. तरी गेलो. रक्त दिलं. मग सोनोग्राफीवाल्या बाई म्हणाल्या, "पाच ग्लास पाणी प्या, जोरात लागली की सांगा. पण जायचं नाही हं!"

टोकन 31. आत 22.

शेजारी काका बसले होते. माकडटोपी, मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात 2009 पासूनचे रिपोर्ट वर्षवार लावलेले.

"आणलंत का?"

"काय?"

"दोन नंबरचं." हे त्यांनी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं. मी मान हलवली. "कालचं नाही ना?"

मग त्यांनी माझं शिक्षण हाती घेतलं. एक दिवस उपाशी राहून साखरेला फसवता येतं, पण एचबीएवनसीला नाही. "तीन महिन्यांचं खातं असतं ते. दिवाळीतला एकेक लाडू निघतो बाहेर." पाणी कशाला पाजतात, तर फुगा भरला की आतडी बाजूला सरकतात आणि मागचं प्रोस्टेट-बिस्टेट स्वच्छ दिसतं. "पावती जपून ठेवा. आयकरात वजावट मिळते. पाच हजारांपर्यंत."

"पैसे ऑफिसने भरलेत."

"अरेरे," काका म्हणाले. माझ्या प्रोस्टेटबद्दलही ते एवढे हळहळले नव्हते.

समोर पाण्याचा कूलर. त्याचा नळ गळका, खाली कुणीतरी स्टीलचा पेला ठेवलेला. टप्. टप्. टप्. मी एका पायावर दुसरा पाय घट्ट आवळला. काकांच्या लक्षात आलंच. "नळाकडे बघू नका. पाढे म्हणा. मी एकोणतिसाचा म्हणतो. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी... म्हणा!" आणि मी, एका कंपनीचा सीनियर मॅनेजर, म्हणायला लागलो. सोळोदरसेपर्यंत निभावलं. पुढे अडलो तर काकांनी थर्मास उघडला आणि झाकणात हळूहळू, उंचावरून, पाणी ओतलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "31 नंबर, तोवर बीपी घेऊन टाकू."

आत खुर्ची. सिस्टरच्या डोक्यामागे भिंतीवर रंगीत तक्ता: रक्तदाब मोजण्यापूर्वी लघवीला जाऊन या. पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर टेकवा. बोलू नका. मी हे मन लावून वाचत होतो आणि दंडावरचा पट्टा फुगत होता. पायाची अढी सोडली असती तर तिथेच अनर्थ झाला असता.

"158 बाय 98," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, मला लागलीये! तुमच्या तक्त्यावरच लिहिलंय."

"सर, आलेलं रीडिंग लिहावं लागतं."

"मग नंतर परत घ्या."

"पॅकेजमध्ये एकदाच आहे."

दाराच्या फटीतून माकडटोपी आत आली. "158? वरचा? अहो, सांभाळा!"

सोनोग्राफीत सगळं चोख निघालं. यकृत चोख, मूत्रपिंडं चोख. पण रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'हायपरटेन्शन?' आणि खाली फिजिशियनला दाखवण्याचा सल्ला. ती फी वेगळी. एका रीडिंगवर बीपी ठरत नाही हे त्यांना माहीत नसेल? तो तक्ता लावला कोणी? मला फुकट पाणी पाजलं, त्या पाण्याने दाब चढवला आणि आता तो उतरवायचे पैसे मीच द्यायचे!

घरी आल्यावर शेजाऱ्यांचं मशीन आणलं. आधी बाथरूमला जाऊन आलो, पाच मिनिटं गप्प बसलो. 124 बाय 80. दुसऱ्या दिवशी 122.

"ते मशीन जुनं आहे," बायको म्हणाली. "रिपोर्टवर सही-शिक्का आहे."

काकांनी निघताना माझा नंबर घेतला होता, "रिपोर्ट आला की पाठवा, मी वाचून सांगतो" म्हणून. मी पाठवलेला नाही. तरी आज सकाळी सहा वाजता त्यांचा मेसेज आला: दुधीचा रस, उपाशीपोटी, एक ग्लास. फोन बायकोच्या हातात होता.