‘द अननॅचरल’वर वाद घालू इच्छिणाऱ्यांस

सर्वप्रथम अभिनंदन. इतक्या जुन्या मालिकेच्या एकाच भागावर तावातावाने भांडायचं तुम्ही मनावर घेतलंत, म्हणजे घरची टाकी भरलेली आहे, लाइट बिल गेलेलं आहे आणि सोसायटीच्या मीटिंगला तुम्हाला कोणी धरत नाही. चाहता व्हायला एवढी पात्रता पुरते.

आधी मुद्देमाल पाहून घ्या. मालिका ‘द एक्स-फाइल्स’, सीझन सहावा. हा भाग अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर २५ एप्रिल १९९९ ला लागला. लेखन आणि दिग्दर्शन डेव्हिड डुकॉव्हनीचं, म्हणजे मालिकेत मल्डर झालाय त्याचंच. दिग्दर्शनाची त्याची ही पहिलीच वेळ. हे पाठ करून ठेवा. भाग आवडला असेल तर ‘पहिल्याच फटक्यात!’ आणि नसेल तर ‘पहिलीच वेळ ना, दिसतंच आहे’, असं दोन्हीकडे ते चालतं.

पहिली ठिणगी: ही गुन्हेतपासाची मालिका म्हणायची का? मल्डर आणि स्कली एफबीआयचे अधिकारी आहेत, त्यांच्याकडे बिल्ले आहेत, पिस्तुलं आहेत, आणि बटण दाबलं तर दिवा लागेल अशा खोलीतही ते टॉर्च घेऊन शिरतात. याहून पोलिसी काय असतं? समोरचा म्हणेल, अहो, पण यात परग्रहवासी आहेत. त्याला सांगा, मग काय झालं, ते काय गुन्हे करत नाहीत? या भागात तर खून करणाराही परग्रहवासी आहे आणि ज्याचा खून होतो तोही. साक्षीदार तेवढा न्यू मेक्सिकोचा पोलीस. अर्धा तास इथेच निघतो.

गोष्ट थोडक्यात माहीत असलेली बरी, नाहीतर मधेच कोणी काही विचारलं तर पंचाईत. म्हातारा आर्थर डेल्स मल्डरला तरुणपणची गोष्ट सांगतोय. १९४७ साल, न्यू मेक्सिकोतलं रॉझवेल. कृष्णवर्णीयांचा एक बेसबॉल संघ, रॉझवेल ग्रेज, आणि त्यात जॉश एक्सली नावाचा अफाट फटकेबाज. बेसबॉलचा दादा फटकेबाज बेब रूथ, त्याचा ६० होम रनांचा विक्रम त्याच्या टप्प्यात आलाय. क्लू क्लक्स क्लॅनवाले, म्हणजे काळ्यांचा द्वेष करणारी गोऱ्यांची टोळी, जिवावर उठलेत म्हणून या डेल्सला, तेव्हाच्या गोऱ्या पोलिसाला, त्याच्या संरक्षणाला लावलंय. एका रात्री डेल्स खोलीचं दार उघडतो तर आत एक्सलीच्या जागी करड्या कातडीचा, भल्यामोठ्या डोळ्यांचा प्राणी. डेल्स बेशुद्ध. शुद्धीवर येतो, समोर पुन्हा तोच चेहरा, पुन्हा आडवा. शेवटी एक्सलीलाच दया येते आणि गड्याला धीर यावा म्हणून तो एका बाईचं रूप घेतो. मग खुलासा. हा इथे आला, बेसबॉल पाहिला आणि परत जायचं नावच काढेना. त्याच्या जमातीत बिनकामाचं काही करायची रीत नाही. चेंडू बॅटने लांब भिरकावणं हे त्याने जन्मात केलेलं पहिलं बिनकामाचं काम. ते इतकं गोड लागलं, की स्वकीय मारायला टपलेत तरी हा आपला पुढच्या गावच्या मॅचला हजर. चाहते मंडळींना यात स्वतःचं कोणी दिसायला हरकत नव्हती. पण ते असो.

बेसबॉल कळत नाही याची लाज बाळगू नका. फक्त ‘होम रन म्हणजे आपला सिक्सरच की’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. दोन-चार वर्षं अमेरिकेत काढून आलेला कुणाचा तरी मेहुणा प्रत्येक बैठकीत असतो, आणि तो ताबडतोब मांडी बदलून बसतो. पिचर होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो, दोन बेसमध्ये ९० फूट असतात, तीन स्ट्राइक झाले की घरी, आणि मग तो कुठल्या स्टेडियमवर गेला होता आणि पार्किंगला किती डॉलर पडले तेही. मान डोलवत राहा. मधे एकदा ‘म्हणजे चेंडूचा टप्पाच पडत नाही तर!’ एवढं म्हणा. मेहुणा आयुष्यभराचा तुमचा.

दुसरा हुकमी विषय म्हणजे हेच डेल्स. आधीच्या दोन भागांत म्हाताऱ्या आर्थर डेल्सचं काम डॅरेन मॅकगॅव्हिनने केलं होतं. इथेही तोच असायचा, पण काम सुरू झाल्यावर त्याची प्रकृती बिघडली. ऐनवेळी एम. एमेट वॉल्शला आणलं आणि कथेत सांगून टाकलं की हा त्या आर्थरचा भाऊ, आणि याचंही नाव आर्थरच. वर हा म्हातारा मल्डरला ऐकवतो की बहिणीचं नावही आर्थर होतं, आणि घरच्या गोल्डफिशचंसुद्धा. माणूस आजारी पडला, दुसरा आणला, अडचणीचा फर्मास विनोद करून घेतला, संपलं. असं सरळ बोलायचं नाही. ‘पटकथेतली अक्षम्य त्रुटी’ म्हणायचं. आपल्याकडे रोजच्या मालिकांत एका सोमवारी नवराच बदलतो, खाली पट्टी सरकते की यापुढे ही भूमिका अमुक साकारतील, आणि बायको त्याला काल दिल्यासारखा चहा देते. ते आपण चहाबरोबर गिळतो. अमेरिकन मालिकेकडून अपेक्षा वेगळ्या असतात.

आता मुख्य रणांगण, म्हणजे रक्त. या मालिकेत परग्रहवासीयाचं रक्त हिरवं असतं आणि माणसाला विषारी. हा नियम चाहत्यांना सातबाऱ्यावरच्या नावासारखा पाठ असतो. शेवटी मारेकरी एक्सलीला गाठतो आणि मरण्याआधी खरा चेहरा दाखव म्हणतो. एक्सलीचं म्हणणं, हाच माझा खरा चेहरा. वार होतो. डेल्स धावत येतो, त्याला मांडीवर घेतो. एक्सली त्याला दूर हो म्हणतो, माझं रक्त तुला बाधेल. डेल्स आपले तळवे पाहतो. लाल. साधं, माणसाचं, कपड्यावर पडलं तर डाग न जाणारं रक्त. एक्सलीही ते पाहतो, आणि हसत हसत जातो.

इथे एखाद्याचा घसा दाटून यायची भीती असते. वेळीच सावरा आणि खणखणीत आवाजात विचारा, ‘पण मग आधी डोक्याला चेंडू लागला तेव्हा जे पाझरलं ते काय होतं?’ बस्स. रात्र तुमची. एक पक्ष म्हणेल, पुष्कळ दिवस एकच रूप धरलं की आतला मालही बदलत असणार. दुसरा म्हणेल, डेल्स म्हाताऱ्याने मल्डरला थाप मारली, सगळी गोष्ट त्याच्याच तोंडून तर ऐकतोय आपण. तिसरा मागच्या सीझनांतल्या प्रत्येक हिरव्या थेंबाचा हिशेब मांडेल आणि शेवटी शिल्लक जुळत नाही म्हणून डुकॉव्हनीला जबाबदार धरेल. एवढी वर्षं मालिकेत काम करतोय, साधा रक्ताचा रंग माहीत नाही! चौथा एक पक्ष आहे. तो म्हणतो, बिनकामाच्या गोष्टीवर इतका जीव लावला की तो माणूस झाला, एवढंच दाखवायचं होतं. हा पक्ष कायम अल्पमतात असतो आणि त्यातल्या एकाला बहुधा चहा टाकायला आत पाठवलेलं असतं.

आकड्यांचाही उपयोग करा. कोणी म्हणालं की रॉझवेलसारख्या आडगावात कोणी ६० होम रन मारतं का, तर त्याला जो बॉमन ऐकवा. हा खरा माणूस. १९५४ च्या हंगामात रॉझवेल रॉकेट्सकडून त्याने ७२ होम रन मारले. लीग धाकटी, पण व्यावसायिक बेसबॉलमधला तो विक्रम २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारेपर्यंत टिकला. होम रन गेला की रॉझवेलचे प्रेक्षक जाळीच्या कुंपणातून डॉलरच्या नोटा पुढे करायचे आणि हा धिप्पाड डावखुरा कुंपणाकडेने त्या गोळा करत चालायचा. मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, तो एकही मॅच खेळला नाही. बॉमन गोरा होता आणि त्याला हे करायला परग्रहावरून यावं लागलं नाही, ही गोष्ट ऐकणाऱ्याने आपली आपण लावून घ्यावी. तुम्ही लावून देऊ नका, रंगाचा बेरंग होतो.

तेवढ्यात मेहुणा म्हणेल, हा भाग आला त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात, १९९८ ला, मार्क मॅकग्वायरने ७० मारले होते. बरोबर आहे. अख्खा देश तेव्हा फटके मोजत बसला होता. पुढे २०१० मध्ये मॅकग्वायरने स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं. तेव्हा माणसाच्या अंगात काय असलं की तो माणूस राहत नाही, यावर पाऊण तास बोलता येतं, आणि हिरव्या रक्तावर परत यायलाही रस्ता मोकळा राहतो.

एका विषयापासून मात्र लांब राहा. एक्सलीने काळ्या माणसाचंच रूप का घेतलं? भागात याचं उत्तर लपवून ठेवलेलं नाही, उलट इतकं समोर ठेवलंय की बघायचं नाही म्हटलं तर मान वळवावी लागते. गोरा झाला असता तर मोठ्या लीगमध्ये गेला असता, पेपरात फोटो आले असते, स्वकीयांना पत्ता लागला असता. सगळ्या आकाशगंगेत हुडकून त्याने लपायला जागा काढली ती अशी, की जिथे तुम्ही कितीही लांब चेंडू मारा, बघणारी मंडळी बघायला येत नाहीत. मोठ्या लीगमधल्या न्यू यॉर्क यांकीज संघाची खेळाडू हेरणारी माणसं एकदा येतात, तर हा मुद्दाम वाईट खेळतो. इथे एक चूक काढायची सोय आहे. खऱ्या यांकीजने पहिला काळा खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, घेतला तो १९५५ मध्ये. १९४७ ला त्यांची माणसं कुठून आली? ही चूक जरूर काढा. मात्र आठ वर्षं आधी ती तिथे का नसती आली, याच्या खोलात शिरू नका.

तसंच जॉश गिब्सनचं. एक्सलीचा जॉश आणि रॉझवेलचे ग्रेज कुठून आले हे उघड आहे. गिब्सन होमस्टेड ग्रेजचा, निग्रो लीगमधला, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधला, सगळ्यात धाकाचा फटकेबाज. जानेवारी १९४७ मध्ये तो वारला. एप्रिलच्या १५ तारखेला जॅकी रॉबिन्सन, आधुनिक मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू, डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला. २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या वहीत चढवले तेव्हा कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत गिब्सन सगळ्यांच्या वर निघाला. चढवायला सत्त्याहत्तर वर्षं. तुम्ही ‘पण त्या लीगमध्ये सामने कमी व्हायचे हो, तुलना कशी करणार’ एवढं म्हणून विषय पुढे न्या. सामने कमी का व्हायचे हे कोणी विचारत नाही.

आणि कोणी उसासा टाकून म्हणालंच, ‘काय भयंकर दिवस होते ना अमेरिकेत’, तर सगळ्यांनी मिळून हळहळा. हळहळण्यासारखंच आहे. अशा वेळी दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांचं नाव काढणारा कोणी बैठकीत नाही ना, हे आधीच पाहून ठेवावं. पुण्यात ज्यांची गोलंदाजी संघाला हवी होती पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ज्यांनी शंभरावर बळी घेतले आणि हिंदू संघाची कप्तानी ज्यांना मिळाली नाही, तेच. असा माणूस निघालाच तर त्याला म्हणा, ‘विषय बेसबॉलचा चाललाय.’

आता राहिला शेवटचा प्रसंग. रात्रीचं मैदान. मल्डर स्कलीला बोलावून घेतो, तिच्या मागे उभा राहून तिच्या हातांवर हात ठेवून बॅट धरायला शिकवतो. आधी कंबर, मग हात, असा पाठ. खरं तर उरलेले चाळीस मिनिटं न पाहता एवढंच पाहिलेले चाहते बहुसंख्य आहेत, त्यामुळे इथे सगळ्यांना मतं असतात. या दोघांचं जुळावं असं वाटणारे शिपर आणि जुळू नये असं वाटणारे नोरोमो यांची इथे जुंपते. हा पाठ म्हणजे तिला दिलेली वाढदिवसाची भेट, ती फार लवकर दिली की फार उशिरा, कंबर हा शब्द बेसबॉलचा की आणखी कशाचा, आणि भागाच्या सुरुवातीला तिच्या हातातल्या तोफूच्या आइस्क्रीमवर त्याने तोंड टाकलं ते प्रेम की निव्वळ हावरटपणा. कोणतीही बाजू घ्या. हरायला लागलात तर हुकमाचं पान टाका: स्कलीचं आडनाव मालिकेचा जनक ख्रिस कार्टरने घेतलं ते डॉजर्सचे समालोचक विन स्कली यांच्यावरून. हे म्हणजे नायिकेच्या जन्मापासूनच बेसबॉल. थोडा वेळ शांतता पसरते. मग विन स्कलींनी ६७ हंगाम समालोचन केलं, की पहिलं वर्ष त्यात धरायचं नाही, यावरून मेहुणा आणि तिसऱ्या पक्षाचा हिशेबनीस एकमेकांना भिडतात आणि तुम्ही सुटता.

एखाद्या बैठकीत नवा पोरगा किंवा पोरगी येते. भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून आलेली असते, डोळे जरा लालच असतात, आणि विचारते की त्या एक्सलीबद्दल तुम्ही कोणीच काही बोलत नाही का. गडबडून जाऊ नका. खुर्ची द्या, पोह्यांची डिश द्या आणि प्रेमाने विचारा, ‘तुझा आवडता सीझन कोणता?’ उत्तर कुठलंही आलं तरी ते चूक आहे.