इंग्लंडचा दाखला देण्याआधी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी इंग्लंड अवतरतं. या वेळी निमित्त होतं मुंबई महापालिकेची रुग्णालयं खासगी भागीदारीत द्यावीत की नाही या वादाचं. मिरजेच्या दादाने लिहिलं, "बाबू लोकांना जमत नाही ना? मग मोठी कन्सल्टन्सी नेमा. इंग्लंडमध्ये तेच करतात." पुण्याच्या मावशीचं उत्तर, "काहीतरीच काय! तिकडे सगळं सरकारी आहे, म्हणून तर चांगलं चाललंय." मग दोघांनीही मला टॅग केलं. जणू मी इकडची हायकोर्ट.

मी लेस्टरमध्ये आरोग्यसेवा विकत घेणाऱ्या कचेरीत बसते. आपल्या भागात गुडघ्याच्या किती शस्त्रक्रिया लागतील, त्या कुणाकडून घ्यायच्या, पैसे किती आणि कशाच्या बदल्यात द्यायचे, याची आकडेमोड करते. त्यामुळे दोघांवरही चिडायचा हक्क मला आहे असं मी मानते.

मावशीचं आधी उरकते. आमचे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, १९४८ पासून स्वतंत्र कंत्राटदार आहेत. पैसा सरकारचा, दवाखाना त्यांचा. त्यामुळे 'सगळं सरकारी' हे पहिल्या दिवसापासून खरं नाही.

दादाचं प्रकरण लांबलचक आहे. २००६ च्या उन्हाळ्यात इथल्या आरोग्य खात्याने एक जाहिरात काढली. स्थानिक ट्रस्टांचं, म्हणजे आमच्यासारख्या तेव्हाच्या सरकारी कचेऱ्यांचं, सेवाखरेदीचं कामच खासगी कंपन्यांना देता येईल असा तिचा अर्थ निघत होता. गदारोळ झाला, जाहिरात मागे घेतली आणि शब्द बदलून पुन्हा काढली. २००७ मध्ये १४ कंपन्यांची यादी मंजूर झाली. मॅकिन्झी, केपीएमजी या सल्लागार कंपन्या, इथली आरोग्यविमा कंपनी बुपा आणि सोबत एटना, ह्युमाना, युनायटेडहेल्थ या अमेरिकेतल्या आरोग्यविमा कंपन्या. देशात तेव्हा १५२ ट्रस्ट होते. त्यांनी या यादीतून हवी ती मदत घ्यायची : लोकसंख्येची गरज मोजणं, कंत्राटं लिहिणं, बिलं तपासणं. म्हणजे खरेदीदाराला खरेदी कशी करायची ते सांगणारा माणूसही खरेदी करायचा.

दादा, यात तुला हवं तेवढंच ऐकू येईल हे मला माहीत आहे. म्हणून केंब्रिजशर ऐक. तिथे वृद्धांच्या सेवेचं पाच वर्षांचं, सुमारे ८० कोटी पौंडांचं कंत्राट एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालं. बाहेरचे सल्लागार होते, वकील होते. आठ महिन्यांत, डिसेंबरमध्ये, सगळं कोसळलं. कंत्राट घेणारी भागीदारी सेवा पुरवणाऱ्या (खरेदी करणाऱ्या नव्हे) दोन सरकारी ट्रस्टांनीच काढलेली होती, त्यामुळे 'खासगीवाल्यांनी लुटलं' म्हणायचीही सोय नाही. त्या भागीदारीला व्हॅट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर, परत मिळणार नाही, हे हिशेबात धरलेलंच नव्हतं! एवढ्या फिया मोजून व्हॅट राहून जातो, कारण प्रत्येक सल्लागार आपल्यापुरता तुकडा बघतो.

घरचं लग्न इव्हेंटवाल्याला दिलं, तरी आचाऱ्याला किती पानं सांगायची हे घरातल्याच कुणाला तरी माहीत असावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे. सल्ला घ्या, पण तो बरा की वाईट हे ओळखणारी माणसं पगारावर ठेवा. इथे २०१० ते २०१४ मध्ये सल्लागारांवरचा खर्च ३१ कोटी पौंडांवरून ६४ कोटींवर गेला. ब्रिस्टल आणि वॉरिकच्या अभ्यासकांनी रुग्णालयांचे आकडे तपासले, तर जिथे सल्ल्यावर जास्त खर्च तिथे कार्यक्षमता सरासरीने कमीच. आणि इकडे खरेदीची यंत्रणाच दर काही वर्षांनी मोडून नवी करतात. २०१३ मध्ये सेवा विकत घेणारे ट्रस्ट गेले, २०२२ मध्ये त्यांच्या जागी आलेले गटही गेले आणि ४२ मंडळं आली. दर वेळी अनुभवी माणसं नोकरी सोडण्याचे पैसे घेऊन बाहेर पडतात. त्यातली काही पुढच्या वर्षी सल्लागार म्हणून त्याच टेबलाशी बसलेली दिसतात.

महाराष्ट्रात हे नवीन आहे असंही नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणजे दुसरं काय? जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हापासून राज्य सरकार खासगी रुग्णालयांकडून शस्त्रक्रिया विकत घेतंय. पण वाद नेहमी इमारतीचा : रुग्णालय कुणाच्या ताब्यात? दर कोण ठरवतं, बिल कधी नाकारायचं ते कळणारं माणूस मंत्रालयात आहे का, हे कोणी विचारत नाही. २०२३ मध्ये तर सरकारने कंत्राटी भरतीसाठी नऊ एजन्सींचा जीआर काढला आणि ओरड झाल्यावर दीड महिन्यात रद्द केला. निदान इथे पैसे बुडाले की कसे बुडाले ते ऑडिट ऑफिस लिहून ठेवतं, असं मी जरा ताठ्यात लिहिलं. दादाने लगेच कळवलं, "कॅगही लिहितो, ताई." खरं आहे.

मग मावशीने विचारलं, "आईचं खुब्याचं ऑपरेशन तू सिव्हिलमध्ये केलंस का गं?"

नाही केलं. इथून पैसे पाठवले आणि खासगीत खोली घेतली, एसीची. ज्या सिव्हिलसाठी मी लेस्टरहून भांडते, त्याच्या ओपीडीत माझ्या घरचं कोणी रांगेत नसतं. माझं स्वतःचं नाव मात्र इथल्या प्रतीक्षायादीत आहे. खासगीत जायचा विचारही मनात येत नाही, उलट थांबण्यात एक प्रकारचा मोठेपणा वाटतो. हा मोठेपणा मला मिरजेत का परवडला नाही, याचं उत्तर मी मावशीला अजून दिलेलं नाही.

२०२५ मध्ये आमच्या मंडळांना कारभाराचा खर्च निम्म्यावर आणायला सांगितलं. आमच्या मजल्यावर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होणार. परवा एका एजन्सीच्या बाईंचा फोन आला : दुसऱ्या मंडळाला कंत्राटं तपासणारं माणूस हवंय, दिवसाच्या दराने. दर माझ्या आताच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट पडतो. विचार करून सांगते म्हटलं.