संस्थांना फुकट वकील कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार वकीलसाहेब,

कंपन्यांचं काम करणाऱ्या वकिलांनी स्वयंसेवी संस्थांना फी न घेता मदत करावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच झोंबणारी आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन कैदी कच्चे कैदी आहेत, त्यांना धड वकील मिळत नाही, आणि इकडे नरिमन पॉइंटवरचे सूटबूटवाले संस्थांचे करारनामे फुकटात तपासून पुण्य पदरात पाडून घेतात. वर असंही, की फुकटच्या कामात कुणी जीव ओतत नाही. आणि शेवटी, तालुक्याच्या कोर्टात उभं राहणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या पोटावर यात पाय येतो.

पोटाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो शेवटी घेते.

कैद्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण त्यांच्या तोंडचा घास संस्था पळवतात, हे गणित मला पटत नाही. कंपन्यांच्या विलीनीकरणाचे मसुदे करण्यात ज्याची हयात गेली, त्याला जामीन अर्जावर बोलायला उभं केलं तर हाल कैद्याचेच होतील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. शिवाय कैद्याला विधी सेवा प्राधिकरणाचं दार तरी आहे. ते किती उघडतं हा वेगळा विषय, पण आहे. १९८७ च्या कायद्याचं कलम १२ काढून बघा. मोफत वकील कुणाला, याची यादी तिथे आहे: अनुसूचित जाती-जमातीचे लोक, स्त्रिया, मुलं, अपंग, कोठडीतली माणसं, ठरावीक उत्पन्नाखालचे. सगळी हाडामांसाची माणसं. संस्था त्यात कुठेच नाही. म्हणजे आदिवासी मुलींच्या वसतिगृहातल्या एकेका मुलीला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला नाही.

आणि संस्थांना वकील लागतोच कशाला, असं तुम्ही विचारलंत. मी संस्थांच्या कचेऱ्यांत कागद सांभाळायचं काम करते. खटला हरल्यामुळे बंद पडलेली संस्था माझ्या तरी पाहण्यात नाही. कागदांनी मेलेल्या मात्र भरपूर.

एक कागद जवळून दाखवते. कंपनीकडून सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचा निधी मिळणार म्हणून एका छोट्या संस्थेत आनंदीआनंद होता. पाण्याच्या कामासाठी अठरा लाख. करार कंपनीच्या वकिलांनी केलेला, इंग्रजीत, बावीस पानी. अध्यक्षांनी शेवटच्या पानावर सहीची जागा शोधली आणि पेन मागितलं. मधल्या एका कलमात लिहिलं होतं की संस्थेच्या कुठल्याही कृतीमुळे कंपनीला, तिच्या संचालकांना, तिच्या उपकंपन्यांना जे काही नुकसान होईल ते सगळं संस्था भरून देईल. सगळं. वरची मर्यादा नाही. निधी अठरा लाखांचा, जबाबदारी अमर्याद. पुढच्या पानावर होतं की पंधरा दिवसांची नोटीस देऊन कंपनी करार संपवू शकते, आणि तोवर झालेल्या खर्चाबद्दल चकार शब्द नाही. उन्हाळ्यात खोदकाम निम्म्यावर असताना नोटीस आली असती तर मजुरांचे पैसे कुणी दिले असते?

हा करार मुंबईच्या एका वकीलबाईंनी फी न घेता पाहिला. त्या रोज अशीच कलमं लिहितात, फक्त समोरच्या बाजूने. त्यांनी फार काही केलं नाही. भरपाई मिळालेल्या निधीपुरती, आणि संस्थेचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच. करार मध्येच संपला तर नोटिशीच्या दिवसापर्यंतचा खर्च कंपनीकडे. मोजून चार ओळी. कंपनीने कुरकुर न करता मान्य केल्या, कारण मागितल्या तर द्यायच्याच असतात, संस्था मागत नाहीत एवढंच. काट्याने काटा काढायचा तर दुसरा काटाही त्याच झाडाचा लागतो. तुम्ही ज्याला पुण्य पदरात पाडून घेणं म्हणता त्याचं मला म्हणूनच वावडं नाही. त्यांच्या मनात काय आहे ते त्यांचं त्यांना ठाऊक, माझ्या हातात चार ओळी आल्या.

कागदांचा रेटा वाढतोही आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. एका संस्थेला आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि हा पैसा जमा व्हायचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच हवं असं ठरलं. शहरातल्या मोठ्या संस्थेच्या हाताखाली काम करणाऱ्या खेड्यातल्या संस्थांचा निधी एका फटक्यात थांबला. आयकरातून सूट मिळण्यासाठीची १२ए नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की मिळाली. २०२१ पासून ती मुदतीची झाली. तारखा कोण सांभाळणार? संस्थेचा अकाउंटंट, जो बहुधा अर्धवेळ असतो आणि मार्चमध्ये फोन उचलत नाही.

फुकटच्या कामात जीव नसतो, या तुमच्या वाक्यात तथ्य आहे. ‘जरा बघून घ्या ना’ म्हणून पाठवलेला कागद व्हॉट्सॲपवर महिनाभर पडून राहतो, आणि संस्थेला विचारायचाही संकोच वाटतो, कारण पैसे दिलेले नसतात. यावर उपाय आहे. काम काय, किती दिवसांत, कुणी करायचं, कशाची जबाबदारी घेतलेली नाही, हे फी घेणाऱ्या अशिलाला लिहून देतात तसंच संस्थेलाही लिहून द्यावं. थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनचं ट्रस्टलॉ किंवा आयप्रोबोनो यांच्यासारख्या मध्यस्थांचा उपयोग इथेच. ते संस्थेचं काम योग्य वकिलाकडे पोचवतात. ओळखीपाळखीने होतं त्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नियमांची अडचण तुम्ही काढली नाहीत, तीही सांगते. कंपनीत पगारावर असलेल्या वकिलाला बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करता येत नाही, आणि सल्ला देणं, मसुदा करणं हीसुद्धा वकिलीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी वकिलांच्या प्रकरणात म्हटलं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या आसपास प्रो बोनो पार्टनरशिप नावाची संस्था १९९७ पासून कंपन्यांतल्या पगारी वकिलांनाही संस्थांच्या फुकट कामाला लावते. आपल्याकडे हा मोठा वर्ग दाराबाहेरच राहतो.

तुम्ही न उचललेला दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या संस्थेला कंपन्यांची कामं करणारी वकिलांची मोठी फर्म मदत करेल का? कारखाना तिचा अशील असेल तर करणार नाही, करूही शकत नाही. आज नसला तरी उद्या होईल म्हणून टाळेल. त्यामुळे फुकट मदत मिळते ती शाळा, आरोग्य, पाणी, बचत गट अशा कुणाला न दुखावणाऱ्या कामांना. जमीन आणि जंगलाच्या लढ्यांना तुमच्यासारखेच वकील लागतात, पूर्वीही लागत होते.

आता पोटाचं. महाराष्ट्रातल्या संस्थांचं निम्मं दुखणं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतं, आणि तिथे नरिमन पॉइंटचा काही उपयोग नाही. बदल अर्जच घ्या, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करून घ्यायचा अर्ज. जुने विश्वस्त वारले, नवे निवडले, इतिवृत्त लिहिलं, पण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खालचा हा अर्ज ९० दिवसांत कुणी केला नाही. मग बँकेत सह्या बदलायला गेलं की बँक परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेला कार्यालयातला उतारा मागते, आणि उताऱ्यावर सातातली चार नावं कैलासवासी. विलंबमाफी मागा, वारसांना नोटिसा काढा, तेवढ्यात संस्थेतला दुसरा गट आपला वेगळा बदल अर्ज घेऊन हजर. हे निस्तरायला त्या कार्यालयात रोज जाणारा माणूस लागतो. करारात तरबेज असलेल्या एका वकिलांनी एका ट्रस्टला मोबाइल टॉवरसाठी गच्चीचा नऊ वर्षांचा भाडेपट्टा करून दिला होता. मसुदा देखणा. पण बिगरशेती मालमत्ता तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर त्याच कायद्याच्या कलम ३६ खाली आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. धावपळ शेवटी जिल्ह्याच्या वकिलांनीच केली. फी घेऊन, आणि ती घ्यायलाच हवी होती.

म्हणून माझं म्हणणं आहे तिथेच आहे, फक्त वाटणी स्पष्ट करते. सीएसआरचे करार, सेवाशर्ती, लैंगिक छळविरोधी समितीचे नियम ही कामं कंपन्यांची कामं घेणाऱ्या फर्ममधल्या वकिलांनी फुकट करावीत. त्यांना ती हातखंडा आहेत आणि परवडतात. बदल अर्ज, कलम ३६, विश्वस्तांची भांडणं ही तुमची कामं, आणि त्यांची फी संस्थांनी अंदाजपत्रकात धरावी. निधी देणाऱ्यांनीही ती मान्य करावी. प्रशिक्षणाच्या चहा-नाश्त्याला ओळ असते, वकिलाच्या फीला नसते. पुढच्या प्रस्तावात मी ती ओळ घालणार आहे. तालुक्याला बदल अर्जाची सध्या रास्त फी किती, तेवढं कळवा.